सांधे बदलणारे डिकोडर: वीज कोठून, हुकूम कोठून?

मॉडेल रेल्वेतील सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड, डिजिटल पद्धतीने बदलण्यासाठी जे डिकोडर (हुकूम वाचून मोटर फिरवणारे बोर्ड) मिळतात, त्यांची तुलना बहुतेक वेळा आउटपुट किती आणि प्रत्येक आउटपुटमागे खर्च किती, या दोनच गोष्टींवर केली जाते. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्यांवरून डिकोडर वापरायला कसा आहे हे कळत नाही. या परीक्षणात एनसीईचा स्विच-इट, ईएसयूचा स्विचपायलट आणि डिजिट्रॅक्सचा डीएस६४ हे तीन तयार डिकोडर, आणि त्यांच्या जोडीला आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर घरी बनवता येणारा डिकोडर, एकाच प्रश्नाच्या कसोटीवर तपासले आहेत. रुळांवर शॉर्ट (शॉर्ट सर्किट) झाला असताना सांधा बदलता येतो का, हा तो प्रश्न.

हा प्रश्न काल्पनिक नाही. सांध्याचा फ्रॉग, म्हणजे दोन मार्गांचे रूळ जेथे एकमेकांना छेदतात तो भाग, धातूचा आणि विजेच्या जोडणीत असेल, तर सांधा ज्या बाजूला वळवलेला असतो त्या बाजूच्या रुळाशी जुळणारी पोलॅरिटी त्याला द्यावी लागते. आता सांधा सरळ मार्गाला लावलेला असताना एखादे इंजिन वळणमार्गावरून फ्रॉगच्या बाजूने आत शिरले, तर त्याची चाके विरुद्ध पोलॅरिटीच्या फ्रॉगवर चढतात आणि त्या क्षणी शॉर्ट होतो. रुळांना वीज पुरवणारा बूस्टर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे सांधा योग्य बाजूला वळवणे. तसे केले की फ्रॉगची पोलॅरिटी बदलते, शॉर्ट सुटतो आणि गाडी पुढे जाते. परंतु डिकोडर त्याच रुळांच्या विजेवर चालत असेल, तर तोही बंद पडलेला असतो. शॉर्ट सुटण्यासाठी सांधा बदलायला हवा आणि सांधा बदलण्यासाठी शॉर्ट सुटायला हवा, अशी ही अडवणूक असून शेवटी इंजिन हाताने मागे ढकलावे लागते. ज्या लेआउटवर सांधे हाताच्या टप्प्याबाहेर आहेत, आणि डिकोडर बसवण्याचे मुख्य कारण बहुधा तेच असते, तेथे हे फारच त्रासदायक ठरते.

येथे डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) या पद्धतीची रचना थोडी समजून घ्यावी लागते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामाच्या आधारे हे मानक स्वीकारले. त्यात वीज आणि हुकूम दोन्ही एकाच दोन तारांतून जातात. व्होल्टेजची दिशा सतत उलटत राहते आणि प्रत्येक अर्ध्या लाटेच्या लांबीवरून बिट ओळखला जातो. ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा म्हणजे एक, आणि १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब अर्धा म्हणजे शून्य. इंजिनांना दिलेले वेगाचे हुकूम कमांड स्टेशन, म्हणजे हुकूम तयार करणारे मध्यवर्ती उपकरण, पुन्हा पुन्हा पाठवत राहते, त्यामुळे एखादा हुकूम हुकला तरी पुढचा लगेच पोहोचतो. सांध्यांचे तसे नसते. सांध्याचा हुकूम सामान्यतः मोजक्या वेळा पाठवून थांबवला जातो आणि साधा डिकोडर तो मिळाल्याची पोच देत नाही. म्हणजे ज्या क्षणी हुकूम निघाला त्या क्षणी डिकोडर झोपलेला असेल, तर तो हुकूम वाया गेला. थ्रॉटलवर, म्हणजे हातातल्या नियंत्रकावर, मात्र सांधा बदलल्याचे दिसत राहते.

म्हणून डिकोडरविषयी दोन वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. मोटर फिरवण्याची वीज तो कोठून घेतो, आणि हुकूम कोठून ऐकतो. पुष्कळ जण पहिल्याच प्रश्नाशी थांबतात. स्वतंत्र वीजपुरवठ्याची सोय आहे, एवढे वाचून ते निर्धास्त होतात. प्रत्यक्षात ते निम्मे उत्तर असते.

स्विच-इट हा सर्वांत साधा. दोन आउटपुट, दोन्ही सावकाश फिरून शेवटी अडून राहणाऱ्या स्टॉल मोटरींसाठी, आणि स्थानिक पुश बटणे जोडण्याची सोय. डीसीसीच्या दोन तारा जोडल्या की काम झाले. वीजही त्याच तारांतून आणि हुकूमही त्याच तारांतून. सर्किटोर्नच्या टॉर्टॉइज मोटरसाठी तो अगदी नैसर्गिक जोडीदार आहे. टॉर्टॉइजला १२ व्होल्ट लागतात आणि सांध्याची सरकणारी पाती एका बाजूला टेकल्यावर मोटर थांबूनही वीज घेत राहते, पण ती वीज सुमारे १५ मिलिअँपिअर इतकीच असते. या अडून राहण्यामुळेच पात्या घट्ट दाबलेल्या राहतात, त्यामुळे वेगळी स्प्रिंग लागत नाही. हा सततचा भार एका सांध्यापुरता नगण्य असला, तरी ४० सांध्यांना मिळून तो ६०० मिलिअँपिअर होतो, म्हणजे ५ अँपिअरच्या बूस्टरचा जवळजवळ आठवा हिस्सा गाड्या हलण्याआधीच खर्च होतो. लहान लेआउटवर याची चिंता करण्याचे कारण नाही.

माझ्या कसोटीवर स्विच-इट जसाच्या तसा उतरत नाही, पण दोष डिकोडरपेक्षा जोडणीचा आहे आणि तो जोडणीनेच दूर करता येतो. बूस्टरमधून निघालेली मुख्य तार थेट रुळांना न देता तिचे आधीच दोन भाग करावेत. एक भाग सर्किट ब्रेकरमधून रुळांकडे न्यावा आणि दुसरा भाग ब्रेकरच्या अलीकडूनच डिकोडरांकडे न्यावा. ब्रेकर बूस्टरपेक्षा लवकर तुटणारा असला पाहिजे, हीच या रचनेची खुबी आहे. रुळांवर शॉर्ट झाला की फक्त रुळांची शाखा बंद पडते, बूस्टर चालू राहतो आणि डिकोडरांना वीजही मिळते आणि हुकूमही मिळतात. ब्रेकर मंद असेल आणि बूस्टर आधी तुटत असेल, तर एवढी खटपट करून हाती काहीच लागत नाही. त्यामुळे ब्रेकरची मर्यादा बूस्टरच्या मर्यादेपेक्षा खाली ठेवून, रुळांवर धातूची वस्तू आडवी टेकवून, आधी कोण तुटते हे लेआउट सुरू करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. अशी शाखा केली की स्विच-इटबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे उरत नाही. सांधे जास्त असतील तर एनसीईचाच आठ आउटपुटांचा स्विच-८ आहे, मात्र त्याच्या पुश बटणांसाठी वेगळा बोर्ड घ्यावा लागतो.

स्विचपायलटचा स्वभाव वेगळा आहे. तो मुख्यतः दुहेरी कॉइलच्या मोटरींसाठी बनवलेला आहे. कॉइलची मोटर, उदाहरणार्थ पेकोची पीएल-१०, एका झटक्यात पाती फेकते आणि त्या क्षणी काही अँपिअर वीज ओढते. झटका संपल्यावर तिला वीज लागत नाही, आणि वीज चालूच राहिली तर कॉइल जळते. त्यामुळे येथे डिकोडरची खरी परीक्षा वीज देण्यात जितकी आहे तितकीच ती वेळेवर बंद करण्यात आहे. स्विचपायलटमध्ये प्रत्येक आउटपुटच्या झटक्याची लांबी सीव्ही या डिकोडरमधल्या सेटिंगद्वारे ठरवता येते, ही त्याची सर्वांत मोलाची सोय आहे. जड पात्यांच्या सांध्याला थोडा लांब झटका द्यावा आणि हलक्या सांध्याला आखूड, म्हणजे आवाजही कमी होतो आणि पातीवरचा आघातही. मूळ स्विचपायलटमध्ये चार कॉइल आउटपुटांबरोबर सर्व्होंसाठी (ठरवलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरींसाठी) दोन आउटपुटही मिळतात. फ्रॉगची पोलॅरिटी बदलण्यासाठी मात्र कॉइलच्या मोटरीत आपोआप स्विच असेलच असे नाही, आणि त्यासाठी रिलेंचा (विजेने चालणाऱ्या स्विचांचा) एक्स्टेन्शन बोर्ड वेगळा जोडावा लागतो. हा खर्च सुरुवातीच्या हिशेबात धरला जात नाही आणि नंतर खटकतो.

स्विचपायलटवर रुळांच्या सिग्नलची टर्मिनल वेगळी आणि वीजपुरवठ्याची टर्मिनल वेगळी आहेत. कॉइलचे झटके स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरमधून दिल्यामुळे बूस्टरवरचा अचानक भार टळतो, हे निश्चितच चांगले आहे. परंतु वर म्हटलेले निम्मे उत्तर ते हेच. रुळांवर शॉर्ट झाला तर डिकोडर जिवंत असतो, कॉइल तयार असते, आणि हुकूम मात्र येतच नाही, कारण हुकूम ज्या तारांतून येतो त्या तारा मेलेल्या असतात. सिग्नलच्या टर्मिनलना ब्रेकरच्या अलीकडची शाखा दिली तरच स्वतंत्र वीजपुरवठ्याचा या बाबतीत उपयोग होतो. ज्यांच्याकडे कॉइलचेच सांधे जास्त आहेत त्यांनी हा डिकोडर निःशंक घ्यावा, पण सिग्नलची तार कोठून घ्यायची हे आधी ठरवूनच.

डीएस६४ या तिघांत सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते सर्वांत समर्थही आहे. चार आउटपुट, ते स्टॉल मोटर, दुहेरी कॉइल आणि काटोच्या युनिट्रॅक सांध्यांतली दोन तारांची एकेरी कॉइल, अशा तिन्ही प्रकारांना चालतात. काटोच्या सांध्यात पाती कोणत्या बाजूला जाईल हे झटक्याच्या दिशेवर ठरते, त्यामुळे फक्त दुहेरी कॉइलसाठी बनवलेले डिकोडर तेथे थेट चालत नाहीत, डीएस६४ चालतो. अट एवढीच की एका बोर्डावरचे चारही आउटपुट एकाच प्रकारचे असले पाहिजेत. तीन टॉर्टॉइज आणि एक कॉइल अशी मिसळ करता येत नाही, आणि जुन्या लेआउटवर तशीच मिसळ असण्याची शक्यता मोठी असते. तेथे हा बोर्ड विकत घेण्यापूर्वी सांध्यांची प्रकारवार यादी करणे शहाणपणाचे ठरेल.

त्याचे खरे बलस्थान लोकोनेट आहे. लोकोनेट ही डिजिट्रॅक्सची सहा तारांची जाळी. थ्रॉटल, कमांड स्टेशन आणि बूस्टर तिच्यावरून एकमेकांशी बोलतात, आणि डीएस६४ला थेट तिच्यावर बसवता येते. मग सांध्याचा हुकूम रुळांतून येण्याची गरजच उरत नाही. रुळांचा बूस्टर पूर्ण बंद पडला तरी कमांड स्टेशन जिवंत असेपर्यंत हुकूम पोहोचतो. त्याबरोबर बोर्डाला स्वतंत्र वीजपुरवठा दिला, तर सुरुवातीच्या कसोटीची दोन्ही उत्तरे या एकाच बोर्डावर मिळतात आणि वेगळी शाखा काढण्याचे काम वाचते. यातले एकच केले तर उपयोग नाही, हे पुन्हा सांगितले पाहिजे, कारण लोकोनेटची तार जोडून वीज मात्र रुळांवरूनच घेतलेली जोडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. तेथे हुकूम ऐकू येतो, पण मोटर फिरवायला वीज नसते.

लोकोनेटमुळे आणखी दोन गोष्टी साधतात. बोर्डावर आठ इनपुट आहेत. त्यांना नियंत्रण फलकावरची पुश बटणे जोडता येतात किंवा गाडी कोणत्या भागात आहे हे सांगणारे सेन्सर जोडता येतात, आणि ही माहिती लोकोनेटवरून संगणकापर्यंत जाते. दुसरी गोष्ट म्हणजे मार्ग. यार्डाच्या तोंडाशी एका रुळावर जायला तीन-चार सांधे लावावे लागतात. डीएस६४ असे आठ मार्ग लक्षात ठेवतो आणि एका हुकमावर सगळे सांधे ओळीने बदलतो. छोट्या यार्डासाठी हे पुरेसे आहे. मोठ्या यार्डासाठी मार्ग संगणकावरच ठेवलेले बरे, असे मला वाटते, कारण बोर्डात साठवलेला मार्ग बदलायचा म्हणजे प्रत्येक सांधा पुन्हा एकेक करून शिकवत बसावे लागते आणि काय साठवले आहे हे बोर्डाकडे पाहून कळत नाही.

सेटिंग बदलण्याची पद्धत हा डीएस६४चा कमकुवत भाग आहे. सेटिंगसाठी बोर्डावरचे ऑप्स बटण दाबून धरायचे, दिवा लुकलुकू लागला की थ्रॉटलवर सेटिंगच्या क्रमांकाचा सांधा निवडायचा आणि तो क्लोज्ड (सरळ मार्गाला) किंवा थ्रोन (वळणमार्गाला) करायचा. बोर्ड त्यालाच सेटिंग समजतो. युक्ती हुशारीची आहे, वेगळे उपकरण लागत नाही. पण तो हुकूम संपूर्ण लेआउटवर जातो. त्यामुळे चौदा क्रमांकाचे सेटिंग बदलताना लेआउटवर जो खरा चौदा क्रमांकाचा सांधा असेल, तोही बदलतो, आणि त्यावर त्या वेळी गाडी उभी असेल तर ती रुळावरून घसरते. म्हणून हे काम बोर्ड जागेवर बसवण्यापूर्वी, टेबलावर, त्याला एकट्याला जोडून करावे. सेटिंग झाल्यावर त्या अवस्थेतून बाहेर पडणेही आठवणीने करावे लागते.

आता जोडणीच्या तपशिलांकडे वळू, कारण चांगला डिकोडरही चुकीच्या जोडणीने वाईट भासतो. टॉर्टॉइजच्या कडेला आठ टर्मिनल असतात. १ आणि ८ मोटरची. २, ३ आणि ४ हा एक स्विच, ज्यात ४ सामाईक. ५, ६ आणि ७ हा दुसरा, ज्यात ५ सामाईक. डिकोडरचे आउटपुट १ आणि ८ला जाते, फ्रॉग ४ला आणि दोन रूळ २ व ३ला. जोडणी झाल्यावर दोन प्रकारच्या उलटसुलटी दिसू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांत मिसळू नयेत. थ्रॉटलवर क्लोज्ड दिल्यावर सांधा वळणमार्गाला लागत असेल, तर १ आणि ८च्या तारा अदलाबदल कराव्यात. सांधा योग्य लागतो पण इंजिन फ्रॉगवर येताच शॉर्ट होतो, असे असेल तर २ आणि ३च्या तारा अदलाबदल कराव्यात. आतला स्विच मोटरच्या प्रत्यक्ष स्थितीबरोबर हलतो, हुकमाबरोबर नाही. म्हणून पहिल्या अदलाबदलीने फ्रॉगचा दोष कधीही सुटत नाही.

दुसरी, कमी बोलली जाणारी बाब अशी की फ्रॉगसाठी २ आणि ३ला जोडलेली वीज नेहमी त्याच भागाच्या रुळांवरची असली पाहिजे, डिकोडरच्या शाखेवरची नव्हे. एकाच मोटरीपाशी दोन्ही शाखांच्या तारा येत असल्यामुळे जवळची तार पकडण्याचा मोह होतो. तसे केले तर ब्रेकरला वळसा घालून फ्रॉगला वीज मिळते, आणि फ्रॉगवरचा शॉर्ट थेट बूस्टर पाडतो. म्हणजे वेगळी शाखा काढण्याचा हेतूच फसतो. दोन्ही शाखांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या तारा वापरणे हा यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

तारांच्या जाडीबाबत अकारण काळजी आणि अकारण निष्काळजीपणा दोन्ही दिसतात. रुळांची मुख्य तार १४ गेजची, लांब लेआउटवर १२ गेजची असावी. स्टॉल मोटरला २४ गेजची बारीक तार पुरते आणि ती बरीच लांब असली तरी बिघडत नाही, कारण वीज फारच थोडी असते. कॉइलचे मात्र उलट आहे. झटका क्षणभराचा असला तरी काही अँपिअरचा असतो, आणि बारीक व लांब तारेत व्होल्टेज इतके पडते की पाती अर्ध्यावर अडकते. तेथे तार १८ ते २० गेजची घ्यावी आणि डिकोडर सांध्यांच्या जवळ बसवावा. कॉइलच्या सांध्यांबद्दल ऐकू येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच डिकोडरच्या नसून या तारेच्या असतात.

नियंत्रण फलकावर सांध्याची स्थिती दाखवायची असेल, तर टॉर्टॉइजच्या बाबतीत एक सोपी सोय आहे. मोटर थांबल्यावरही वाहणारे १५ मिलिअँपिअर एलईडी उजळायला पुरेसे असतात, म्हणून मोटरच्या एका तारेत दोन एलईडी एकमेकांना समांतर पण उलट दिशांनी जोडले की एका स्थितीत एक आणि दुसऱ्या स्थितीत दुसरा लागतो. वेगळा वीजपुरवठा नको, रेझिस्टरही नको. सुमारे २ व्होल्ट कमी होतात आणि मोटर थोडी हळू फिरते. बहुतेकांना तो मंद वेगच आवडतो. मात्र हे दिवे हुकमाची दिशा दाखवतात. पाती खडीच्या कणामुळे मध्येच अडकली, तर दिवा तरीही खुशाल लागतो. प्रत्यक्ष स्थिती हवी असेल तर दिवे ५, ६ आणि ७ या दुसऱ्या स्विचवरून द्यावेत.

आर्डुइनोवरच्या डिकोडरविषयी थोडक्यात. डीसीसीचा सिग्नल ६एन१३७ या ऑप्टोकपलरमधून (सिग्नल प्रकाशाद्वारे पुढे देणाऱ्या भागातून) घ्यायचा, तयार लायब्ररी, म्हणजे आधीच लिहिलेला प्रोग्रॅम, वापरायची आणि लहान सर्व्हो जोडायचे, एवढ्यावर तो उभा राहतो. सर्व्होला २० मिलिसेकंदांनी एकदा साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा स्पंद लागतो आणि त्या रुंदीवर त्याचा कोन ठरतो, त्यामुळे पातीचा प्रवास आणि वेग हवा तसा बसवता येतो. ही मोकळीक तयार डिकोडरांत इतक्या सहज मिळत नाही. सर्व्होंना स्वतंत्र ५ व्होल्ट द्यावेत, कारण अडलेला सर्व्हो शेकडो मिलिअँपिअर ओढतो आणि आर्डुइनोच्या पिनेवरून ते घेता येत नाहीत. वीज सुरू होताना सर्व्हो दचकून हलतात, आणि फ्रॉगसाठी रिले किंवा मायक्रोस्विच लागतोच. ज्यांना प्रोग्रॅम लिहिण्यात रस आहे त्यांनी तो जरूर करावा. ज्यांना फक्त गाड्या चालवायच्या आहेत त्यांचा वेळ तो खाईल.

पत्ते, म्हणजे प्रत्येक सांध्याचे क्रमांक, देण्याचे काम तिन्ही तयार डिकोडरांत सोपे आहे. साध्या सांधा-डिकोडरांसाठी १ ते २,०४४ इतके पत्ते उपलब्ध असतात, आणि मानकात ते चार-चारच्या गटांनी बांधलेले असल्यामुळे चार आउटपुटांच्या बोर्डाला १ ते ४, ५ ते ८ असे सलग क्रमांक देणे सोयीचे पडते. एकाच वेळी एकच बोर्ड शिकण्याच्या अवस्थेत असावा, नाहीतर दोन बोर्ड तोच पत्ता घेतात. आणि कमांड स्टेशन बदलल्यावर सगळे सांधे एकदम चार क्रमांकांनी सरकलेले आढळले, तर डिकोडर उघडू नयेत. पहिला गट शून्यापासून मोजायचा की एकापासून, याबाबत उत्पादकांमध्ये एकवाक्यता नाही. हा फरक कमांड स्टेशनच्या किंवा संगणकावरील सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दुरुस्त करता येतो का हे आधी पाहावे, आणि तशी सोय नसेल तरच बोर्डांना पुन्हा पत्ते द्यावेत.